रिकाम्या सीटचा दिवा

१

लातूरच्या रिंग रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, ऊसतोडणीचं यंत्र, बॅटरीवर चालणारं जे काही असेल ते माझ्याकडे येतं आणि येताना आपली एक कथा घेऊन येतं. कुणाचा ट्रॅक्टर नेमका अमावस्येला बंद पडतो. कुणाच्या टेम्पोला मेहुण्याची नजर लागलेली असते. मी चहा पाजतो, कथा पुरती ऐकून घेतो आणि मग मीटर लावतो. वायर कुठंतरी घासलेली असते, उंदरानं कुरतडलेली असते, नाहीतर पाणी शिरलेलं असतं. आजवर यापलीकडे काही निघालेलं नाही. वाट मिळेल तिथून करंट जातो, त्याला तुमचा मेहुणा माहीत नसतो.

म्हणून सुकन्याचा फोन आला तेव्हा मी आधी हसलोच. सुकन्या माझ्या धाकट्या भावाची, रविकिरणची बायको. ती दोघं आणि आमची आई, म्हणजे अव्वा, निलंग्याजवळ आमच्या गावी राहतात.

“अण्णा, मशीनला शॉर्ट हाय. येऊन बघता का?”

“फ्यूज उडतोय?”

“न्हाई. दिवा जळून राहिलाय. सीटचा. कुनी बसलं नसलं तरी.”

रवीकडे छोटा लोडर आहे. कागदावर त्याचं नाव स्किड स्टीअर लोडर, पण गावात सगळे त्याला बुटकं म्हणतात. चार चाकं, पुढं बकेट, दोन्ही बाजूंना लोखंडी हात आणि त्या हातांच्या मधोमध पिंजऱ्यासारखी केबिन. ड्रायव्हर चुकून बाहेर असताना हात खाली आले तर माणूस चिरडतो, म्हणून सीटखाली एक स्विच दिलेला असतो. कुणी बसलं की स्विच दाबला जातो आणि समोरच्या दिव्यांच्या पाटीवर एक हिरवं चित्र उजळतं, बसलेल्या माणसाचं. ते उजळल्याशिवाय चाकं हलत नाहीत, हात उचलत नाहीत. सीट रिकामी असली की चित्र विझलेलं राहायला हवं.

“स्विच चिकटला असंल,” मी म्हणालो. “रवीला म्हनावं खोलून साफ कर.”

पलीकडे तिनं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

“ते हात लावंनात मशीनला,” सुकन्या म्हणाली. “सीटवर अप्पा बसलेत म्हनतात.”

आमचे वडील, अप्पा, होळीनंतर गेले. माझं हसू तिथंच थांबलं.

२

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वैशाखात आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये बुटकं उभं होतं, बकेट जमिनीला टेकवून. समोर पाण्याच्या टाकीच्या सावलीत रवी उकिडवा बसला होता. मी गाडीचं दार आपटलं तरी त्यानं मान वळवली नाही. तो सीटकडे बघत होता.

महिन्या-दीड महिन्यात माणूस इतका वाळतो हे मला पटेना. शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोकळी फिरत होती.

“कधी आलास, अण्णा?”

“आत्ताच. जेवलास?”

“भूक न्हाई.”

“मशीन कामून बंद ठेवलंस?”

“बसायला जागा न्हाई,” तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात वेडेपणा नव्हता. तो नेहमीसारखा, जरा दमलेल्या आवाजात बोलत होता, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं.

हळूहळू त्यानं सांगितलं. त्यातलं निम्मं मला माहीत होतं, कारण मी तिथंच होतो. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला झोपवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, भस्म लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून. अप्पांना आमच्याच शेताच्या बांधाला समाधी दिली. खड्ड्यात उतरवलं, बेलाची पानं आणि विभूती घातली, भजन चाललं होतं. एकेकानं ओंजळीनं माती लोटायला सुरुवात केली आणि आभाळ काळं झालं. आधी टपोरे थेंब, मग गारा. खड्ड्यात पाणी उतरणार हे दिसत होतं. विधी सांगणारे जंगम स्वामी म्हणाले, घाई करू नका, हातानंच लोटा. पण बायामाणसं, म्हातारी माणसं भिजत होती. शेजारचे हणमंतराव ओरडले, “रवी, तुझं बुटकं आन की रं! पाच मिन्टांत व्हईल.”

रवीनं ते आणलं. अप्पांच्या खांद्यापर्यंतची माती माणसांच्या हातांनी पडली आणि पुढची बकेटनं. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. खरं सांगायचं तर आजही वाटतं.

“पहिली बकेट सोडली,” रवी म्हणाला, “तवा दिवा विझला. मी बसलेलो, अण्णा. सीटवर बसलेलो असताना विझला. हात हलंना, काय न्हाई. मग परत लागला. लागला तो लागलाच.”

“गारा पडत व्हत्या. पानी शिरलं असंल.”

“असंल,” तो म्हणाला आणि पुन्हा सीटकडे बघू लागला.

सुकन्यानं मला घराच्या कोपऱ्यावर गाठलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज पक्का होता.

“दवाखान्यात नेलं. गोळ्या दिल्या, त्यांनी नुसती झोप येती. खानं सुटलंय. दिवसभर हितं बसून राहतात आन् कुनी हाक मारली की दचकतात. अण्णा, तुम्ही त्यांना शॉर्ट काढून दाखवा. तुटकी वायर डोळ्यांनी दिसली की ते मानतील. दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाईत, तुमचं ऐकतात.” तिनं टाकीपाशी बसलेल्या रवीकडे बोट केलं. “न्हाईतर हा माणूस माझ्या हातून जातोय.”

मी तिला म्हणालो, फिकीर करू नको. हे वाक्य मी दुकानात रोज म्हणतो.

३

चावी फिरवली. इंजिन चालू केलं नाही, नुसता सप्लाय दिला. हिरवा माणूस उजळला. सीट रिकामी होती.

सीटच्या मागे दोन वायरींचा कपलर, म्हणजे काढता-लावता येणारा जोड, असतो. तो काढला, हिरवा माणूस विझला. लावला, लागला. म्हणजे पाटी ठीक, पुढचं वायरिंग ठीक, दोष सीटच्या बाजूला. इथवर सगळं शाळेतल्या गणितासारखं सरळ होतं आणि मला बरं वाटलं. मी रवीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, “सापडतंय बघ.”

मग मीटर बझरवर ठेवून स्विचच्या वायरींना लावला. टींऽऽ असा आवाज सुरू झाला. स्विच दाबलेला असला की हा आवाज येतो. गादी वर करून स्विच त्याच्या खाचेतून ओढून हातात घेतला. आवाज बंद. अंगठ्यानं दाबला, टीं. सोडला, बंद. स्विच उत्तम होता. पुन्हा खाचेत बसवला, गादी ठेवली, हात मागे घेतले. टींऽऽ.

पुन्हा काढला, पुन्हा बसवला. तेच.

माझ्यासारख्याला याचा अर्थ लगेच लागतो. स्विच जागेवर बसला की त्याच्या वायरी खाली सरकतात आणि खाली कुठंतरी एकमेकींना टेकतात. त्यासाठी केबिन उचलून खालून बघावं लागणार होतं. किचकट काम, पण कामच.

मीटर तसाच वाजता ठेवून मी गादीकडे पाहिलं. काळं रेक्झिन, कडेला उसवलेलं. ड्रायव्हरच्या सीटला मागच्या बाजूनं खोलगट आकार येतो, कारण वजन तिथं पडतं आणि पाय पुढं खाली सुटलेले असतात. या गादीला पुढच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी दाब होता. जिथं ड्रायव्हरचं काहीच टेकत नाही तिथं. मांडी घालून बसल्यावर गुडघे जिथं येतात, तिथं.

फोम जुना होता. मशीन हैदराबादहून सेकंडहँड आणलेलं, आधीच्या माणसानं तिथं काय ठेवलं असेल कोण जाणे. कॅन ठेवले असतील दोन. मी स्वतःला हे समजावत होतो आणि ते पटतही होतं.

तेवढ्यात घरातून अव्वानं हाक मारली, “जेवायला चला रं, ताटं वाढलीत!”

मीटरचा आवाज थांबला.

एक श्वास घ्यावा इतकाच वेळ. गादीचं रेक्झिन बारीक चरचरलं. मग पुन्हा टींऽऽ सुरू झालं.

मी मागे वळून पाहिलं. रवी टाकीपाशी उभा राहिला होता. त्यानं ते ऐकलं होतं.

“अव्वानं बोलावलं की ते असंच उठत्यात,” तो हळूच म्हणाला. “मग बसत्यात.”

“वायर हलली,” मी म्हणालो. माझा हात मशीनला लागलेला नव्हता. पण वारा असतो, मशीन तापतं, पत्रा प्रसरण पावतो. मीटर बंद करून मी जेवायला गेलो.

४

अव्वानं ज्वारीची भाकरी, पिठलं आणि कांदा वाढला. तिच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. रवीच्या ताटातली भाकरी मोडली गेली होती, खाल्ली गेली नव्हती. आम्ही दोघं भाऊ शाळेतून आल्यावर याच जागी बसून भाकरीवरून भांडायचो. मोठा तुकडा नेहमी तोच पळवायचा.

“अव्वा, तुला काय वाटतं?” रवी हात धुवायला गेल्यावर मी विचारलं.

“काय वाटायचंय?” ती ताट ओढून घेत म्हणाली. “तेंनी जितेपनी कवा कुनाची जागा घेतली न्हाई. यष्टीत बी दुसऱ्याला बसवून उभे ऱ्हायचे. आता कामून घेतील?”

मला ते फार समाधानकारक उत्तर वाटलं. अप्पा खरंच तसे होते. गाव त्यांना पंचाक्षरी मास्तर म्हणायचं; आयुष्यभर त्यांनी कुणाला साधं ‘सरक’ म्हटलं नव्हतं. पण मग मनात आलं की बसवलेल्या माणसाला स्वतः बसायचं की नाही हे कुठं विचारलं जातं. हा विचार मी बाजूला केला. तो विजेचा विचार नव्हता.

हणमंतराव आले ते सावलीत न टेकता थेट शेडकडे निघाले. उंच, रापलेला माणूस, अप्पांचा जुना मैतर. त्यांचा उकिरडा उपसायचा होता आणि त्यासाठी ते रोज येऊन जात असावेत.

“आले का लातूरचे इंजिनेर? काय म्हनतंय बुटकं?”

“वायर टेकलीय कुठंतरी.”

“मी तेच म्हनलो व्हतो ह्याला. उंदीर लई झालेत औंदा.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “शेखर, उकिरड्याची घाई न्हाई मला. पन हे पोरगं रोज जरासं कमी व्हऊन राहिलंय बग. काल मी हितं येऊन बसलो, बिडी वडली, निगालो, आन् फाटकापाशी ध्यानात आलं की रवी बी हितंच बसला व्हता. मला दिसलाच न्हाई रे. वय झालं माजं.”

ते हसले. मी हसलो नाही.

५

केबिनचे बोल्ट सोडून ती मागे कलवली की मशीनचं पोट उघडं पडतं. धूळ, ऑइल, वाळलेल्या उसाच्या चिपाडांचा भुसा. सगळं कोरडं ठणठणीत. मी टॉर्च तोंडात धरून सीटच्या पत्र्याखाली हात घातला आणि बोटं ओल्या मातीत गेली.

पत्र्याच्या कोपऱ्यात काळी माती गच्च बसली होती. स्विचच्या दोन्ही वायरी तिच्यातून जात होत्या. वर ओढल्या की मातीबाहेर यायच्या, स्विच जागेवर बसला की मातीत शिरायच्या. बाहेर काढून पाहिलं तर उंदरानं दोन्हींचं आवरण कुरतडलेलं, तांबं उघडं. ओल्या मातीतून एका वायरीचा करंट दुसरीकडे. हाच शॉर्ट. माझा जीव भांड्यात पडला.

माती कशी आली हेही कोडं नव्हतं. गारांच्या पावसात रवी चिखलाच्या पायांनी चढला-उतरला, पाण्याबरोबर ती खाली ओघळली. तिच्यात विभूतीचे पांढरे खडे होते आणि एक बेलाचं पान होतं. तेही असणारच. फक्त ती ओली कशी राहिली, एवढं मला सांगता येईना. या उन्हात विहिरींनी तळ गाठले होते. हायड्रॉलिकचं ऑइल पाझरलं असेल म्हणून मी बोटांचा वास घेतला. ऑइलचा वास नव्हता. नुकत्या उकरलेल्या जमिनीचा होता. पानाचा देठ हिरवा होता.

मी त्यावर फार वेळ थांबलो नाही. दोष सापडला की मेकॅनिकनं थांबू नये.

“रवी, ये हिकडं. बघ हे.”

तो आला. मी त्याला कुरतडलेल्या वायरी दाखवल्या, मीटर लावून दाखवला. माती लावली की टीं, काढली की गप्प. त्यालाच करायला लावलं. त्यानं दोन-चारदा करून पाहिलं. मग त्यानं ती माती मुठीत घेतली आणि मोठ्यानं रडला. अप्पा गेले त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही रडू आलं, त्याची मला लाज वाटली नाही.

रडणं ऐकून अव्वा बाहेर आली आणि तिनं ती माती पदरात घेतली. एकही ढेकूळ राहू नये म्हणून तिनं मला पत्र्याच्या सांदी दोनदा पुसायला लावल्या.

“तिथं नेऊन सोडते,” ती म्हणाली. “त्येंचं ते त्येंच्याकडं.”

ती बांधाकडे निघाली. सुकन्यानं रवीला उंबऱ्यावर बसवून भाकरी वाढली आणि तो खरोखर जेवला. कांदा फोडून, पिठलं मागून घेऊन. ती त्याच्याकडे बघत उभी होती, हातात तांब्या तसाच धरून.

मी कुरतडलेला भाग कापून नवी वायर जोडली, टेप मारली, केबिन खाली घेतली, बोल्ट आवळले. चावी फिरवली. सीट रिकामी, हिरवा माणूस विझलेला. माझी हत्यारांची पेटी सीटवर ठेवली, तो उजळला. पेटी उचलली, विझला. पुन्हा ठेवली, पुन्हा उजळला. गादीचे पुढचे कोपरे हलके वर आले होते, की मला तसं वाटलं.

६

“चल, बस,” मी रवीला म्हणालो.

 केबिनमध्ये तो चढला खरा, पण बसताना डोळे घट्ट मिटून घेतले. पोटापुढचा सुरक्षेचा दांडा खाली ओढला आणि डोळे न उघडता तसाच बसून राहिला.

“लागला का, अण्णा?”

मी पाटीकडे पाहिलं. हिरवा माणूस विझलेला होता.

“थांब,” मी म्हणालो. “जरा नीट बस.”

तो सरकला. “बसलोय की.”

नाही लागला. मी त्याला उतरवलं आणि स्वतः बसलो. टेकलो न टेकलो तोच दिवा लागला. उतरलो, विझला. पेटी ठेवली, लागला. पेटी मी एका हातानं उचलतो.

“परत बस.”

तो बसला. डोळे अजून मिटलेलेच. दिवा लागला नाही.

रवी वाळलाय हे खरं, पण पेटीपेक्षा हलका कसा असेल? मग लक्षात आलं की घाबरलेला माणूस पायांवर भार देऊन अर्धवट बसतो. मी त्याला मागे रेलून दोन्ही पाय वर उचलायला सांगितलं. त्यानं लहान मुलासारखे दोन्ही पाय उचलून धरले. आता त्याचं सगळं वजन गादीवरच असायला हवं होतं. दिवा लागला नाही.

“काय झालं?”

“काय न्हाई. लूज हाय कुठंतरी.”

गादी अडकली असेल म्हणून मी आत वाकलो आणि त्याच्या मांडीशेजारी रेक्झिनवर तळवा दाबला. हिरवा माणूस लगेच उजळला. माझं डोकं त्याच्या छातीजवळ होतं. त्याचा श्वास कानाला लागत होता, गरम, कांद्याचा वास असलेला. त्या श्वासाबद्दल मला शंका नाही, तेवढं मी शपथेवर सांगेन. मग मी खाली पाहिलं.

माझ्या तळव्याखाली रेक्झिनला खड्डा पडला होता. रवीच्या खाली पडला नव्हता. तिथं शिवण सरळ होती, ताणलेली, आणि तिच्यावरची धूळ न पुसलेली.

मी हात काढून घेतला. दिवा विझला. मी पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

“अण्णा,” रवी म्हणाला, “सांग की. डोळे उघडू?”

त्याचा आवाज आशेनं भरलेला होता. याच आवाजात तो लहानपणी विहिरीच्या काठावर विचारायचा, मारू का उडी?

७

आमच्या धंद्यात याला डायरेक्ट करणं म्हणतात. स्विचच्या दोन वायरी सोलायच्या आणि एकमेकींना पिळून टेप मारायची. मग मशीनला कायमचं वाटत राहतं की सीटवर माणूस आहे. गिऱ्हाईकं हात जोडून मागतात. हे केल्यामुळे माणसं मेलेली मला माहीत आहेत, म्हणून मी ते आजवर एकालाही करून दिलं नव्हतं.

सीटच्या मागे जाऊन मी कपलर ओढला.  मी शॉर्ट काढायला आलो होतो आणि आता स्वतःच्या हातांनी एक बसवत होतो. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. उतर म्हणावं, आज नको म्हणावं, त्याला घेऊन लातूरला मोठ्या दवाखान्यात जावं. पण तिथं सांगायचं काय? आणि दिवा लागला नाही हे त्याला कळलं, तर तो स्वतःबद्दल काय समजेल? सीटवर अप्पा आहेत असं वाटून तो वाळला होता. सीटवर कुणीच नाही हे दिसल्यावर त्याचं काय उरलं असतं, हे मला बघायचं नव्हतं.

वायरी पिळल्या. टेप मारली.

“उघड डोळे,” मी म्हणालो.

पाटीवर हिरवा माणूस ठळक उजळला होता. रवीनं तो पाहिला, बोटानं चाचपला आणि हसला. अगदी अख्खा हसला, दात दाखवून. त्यानं चावी फिरवली, इंजिन फुर्रकन उठलं, काळा धूर पत्र्याला लागला. लोखंडी हात वर गेले. बुटकं जागच्या जागी गर्रकन वळलं आणि हणमंतरावांच्या उकिरड्याकडे निघालं.

मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. जगात एक गोष्ट अशी होती जी मला माझ्या भावाबद्दल खरं सांगत होती आणि तिचं तोंड मी बंद केलं होतं. आता तो दिवा कुणासाठीही लागणार होता. कुणी नसलं तरी लागणार होता.

सुकन्या माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. अव्वा बांधाकडून परत येत होती, तिचा रिकामा पदर वाऱ्यावर उडत होता. पलीकडे बकेट दगडांवर खरवडत होती, इंजिनचा आवाज चढत-उतरत होता, हणमंतराव मोठमोठ्यानं कुठं ओतायचं ते सांगत होते.

“अण्णा,” सुकन्या म्हणाली.  “माजा माणूस परत आनून दिलात तुम्ही.”

“हाव,” मी म्हणालो.

मी खाली बसून पकड, मीटर, टेप एकेक करून पेटीत भरायला लागलो. मागे हॉर्न वाजला. सुकन्यानं हात उंच करून हलवला आणि ती हसली.

“बघा की तिकडं. कसं चालवून राहिलेत!”

मी पेटीचं झाकण लावलं, ते नीट लागलं होतं तरी पुन्हा उघडून लावलं.

“बघा ना, अण्णा.”

मी वळलो नाही.